वाटाड्या म्हणून एक महार

"हात लावू नका. पानं मी उलटतो."

कॉलेजचा ग्रंथपाल म्हणाला. माझ्यापुढे टेबलावर एक त्रैमासिक होतं. पिवळसर कव्हर, त्यावर पुण्याच्या एका संशोधन संस्थेचं नाव. मी हात पुढे केला होता. तो मागे घ्यावा लागला. मागे घेतलेला हात ठेवावा कुठे, ते कळेना. शेवटी दोन्ही हात पाठीशी बांधले आणि उभी राहिले. माझ्या वर्गातली पोरं चूक झाली की उभी राहतात तशी.

त्याआधी त्यानं मला नाव विचारलं होतं. सांगितलं. आडनाव विचारलं. सांगितलं. मग गाव. मग गावात घर कोणत्या बाजूला. घर कोणत्या बाजूला! पुस्तक वाचायला आलेल्या माणसाच्या घराची बाजू काऊन लागते हो? पण मी तेही सांगितलं. फायनल पास झालेली, प्राथमिक शाळेवर शिकवणारी बाई मी, आणि मुकाट्यानं सांगितलं. त्याचा राग मला आजही माझ्यावरच येतो.

"हे संस्थेच्या सभासदांसाठी असतं," तो म्हणाला. "बाहेरच्यांना देत नाही. पण एवढ्या लांबून आलात, तर दाखवतो."

देत नाही. दाखवतो.

लेखाचं नाव होतं 'सातपुड्याच्या पायथ्याच्या गावशिवा'. खाली एकच नाव, सरांचं. ग्रंथपाल पान उलटायचा, मी भराभरा वाचायची, वाचून व्हायच्या आत तो पुढचं उलटायचा. पण मला वाचायची गरजच नव्हती. वाघदऱ्याचा दगड. रडकी चिंच. नाल्याच्या वळणावरचा तो बिब्बा. सगळं माझ्या वहीतलं. वाक्यंसुद्धा माझीच, नुसती कोट-टोपी घालून उभी केलेली.

मी एक नाव शोधत होते. उकर्डा भिवाजी. माझा बा.

पहिल्या पानावर नाही. तळटीपांत नाही. शेवटच्या पानावर आभार होते. गावच्या पाटलांचे, त्यांच्या पाहुणचाराबद्दल, पूर्ण नावानिशी. जीप देणाऱ्या साहेबाचे. मुद्रितं तपासणाऱ्या सरांच्या पत्नीचे. आणि त्याखाली एक वाक्य : 'वाटाड्या म्हणून गावातील एक महार बरोबर होता.'

मी ते तीनदा वाचलं.

"झालं?" ग्रंथपाल म्हणाला.

"एवढं एक पान उतरवून घेऊ द्या."

"उतरवून घेता येत नाही. नियम आहे." आणि त्यानं ते मिटलं. मिटून कपाटात ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. माझ्या बाचं सगळं आयुष्य त्या कपाटात गेलं.

आता हे सर कोण आणि माझा बा कोण, ते सांगते.

आमचं गाव सोनाळ्याच्या अलीकडे, सातपुडा समोर दिसतो तिथं. गावाची शीव सांगणं हे आमच्या घराण्याचं काम. शीव म्हणजे गावाची हद्द. दोन गावांत हद्दीवरून भांडण लागलं की महाराला बोलवायचे. त्याच्या डोक्यावर मातीचं ढेकूळ ठेवायचे आणि म्हणायचे, चाल. तो चालेल ती हद्द. तो पाय ठेवेल तिथं दगड. मग पाटील असो की देशमुख, कोणी हूं की चूं करायचं नाही. एरवी आमची सावली नको असायची त्यांना. त्या दिवशी मात्र आमचं पाऊल लागायचं.

माझा आजा भिवाजी असा एकदा दिवसभर उन्हात चालला होता. ढेकूळ डोक्यावर फुटून माती डोळ्यांत गेली, तरी थांबला नाही. शेवटचा दगड रोवला तेव्हा म्हणाला, "खोटं पाऊल टाकलं असन तं माह्या वंशाचं वाटोळं होवो." बा ही गोठ सांगायचा तेव्हा उभा राहून सांगायचा. बसून कधीच नाही. आमच्या घरात पोरांना बाकी कशालाही माफी होती, खोटं बोलायला नव्हती.

महाराष्ट्र झाला त्याच्या आगेमागे महारकीचं वतन गेलं. बरं झालं, गेलं. गुलामीच होती ती. आम्ही धम्म घेतला, मेलेलं ढोर ओढणं सोडलं, माय-बापानं मला शाळेत घातलं. पण बाच्या डोक्यात ती शीव तशीच राहिली. एकेक दगड, एकेक झाड, कोणत्या वावराचं जुनं नाव काय आणि ते काऊन पडलं. कोणी विचारणारं नव्हतं. बा कधीकधी म्हणायचा, "मी मेलो का हे समदं माह्यासंगं जाईन."

आणि सर आले.

मे महिन्याची सुट्टी होती, मी घरीच होते. पाटलाच्या घरून निरोप आला की पुण्याचे मोठे विद्वान आलेत, शीव पाहायची आहे, उकर्ड्याला धाडा. बा पागोटं बांधून निघाला. मला म्हणाला, "तू बी चाल माय. तुह्या हाती अक्षर हाय."

अकरा दिवस. सर बैलगाडीत, छत्री उघडून. बा पुढे पायी, मी मागे वही घेऊन. सोनाळ्याकडचं मे महिन्याचं ऊन ज्यानं सोसलं त्यालाच माहीत. सर भले होते बोलायला. ओरडले नाहीत, शिवी दिली नाही. पाणी मात्र त्यांच्या सुरईचं, वरून ओंजळीत ओतायचे. बाला एकेरी हाक मारायचे. बा त्यांच्या वडिलांच्या वयाचा होता. मी ते ऐकून घेतलं. म्हटलं, कामाचा माणूस आहे, आपलं ज्ञान कागदावर येऊन राह्यलं, सोसून घे.

बाची एकच मागणी होती. दुसऱ्याच दिवशी, रडक्या चिंचेखाली बसून त्यानं ती हात जोडून सांगितली. "सायेब, मले कायी नको. पन छापलं तं माह्यं नाव घाला. माह्यं अन् माह्या बापाचं."

सर हसले. "अरे उकर्डा, तुझंच नाव पहिलं असेल!"

बाला तेवढं पुरलं. त्यानंतर त्यानं काही राखून ठेवलं नाही. जे मला कधी सांगितलं नव्हतं तेही सरांना सांगितलं. माझ्या दोन वह्या भरल्या. सरांनी दोन्ही नेल्या, परत पाठवतो म्हणाले. नदीपल्याडची पश्चिमेची बाजू राहून गेली, कारण त्यांचं कॉलेज उघडणार होतं. ती बाजू नंतर मी आणि बानं दोघांनीच चालून पुरी केली. तिसरी वही भरली. सरांना तसं पत्रानं कळवलं, आणि ते येतील तेव्हा द्यायची म्हणून मायनं ती लुगड्याच्या घडीत ठेवली.

वह्या परत आल्या नाहीत. वर्ष उलटलं. मग शाळेच्या एका साहेबांकडून कळलं की लेख छापून आलाय आणि त्रैमासिक शहरातल्या कॉलेजात येतं. म्हणून मी गेले होते. पाठीशी हात बांधून जे वाचलं ते वर सांगितलंच आहे.

एसटीतून उतरले तर बा फाट्यावर उभा. दम्याचा माणूस, दोन मैल चालत आला होता.

"हाय का नाव?"

मी त्याच्याकडे पाहिलं. धुतलेलं धोतर नेसला होता तो. माझ्या तोंडातून निघून गेलं, "हाय."

काऊन निघालं? मी आजवर स्वतःला शंभरदा विचारलं. त्याला वाईट वाटू नये म्हणून, हे मी लोकांना सांगते. खरं ते नाही. खरं हे की मला लाज वाटली. त्या विद्वानाची लाज मी माझ्या अंगावर घेतली.

"कुठी हाय?"

"पयल्याच पानावर."

"काय लेह्यलं? अक्षरानं अक्षर सांग."

"उतरवून देत नाहीत बा. पाठ करून आली." आणि त्या फाट्यावर उभ्या उभ्या मी एक वाक्य रचलं. "गावशिवेचे जाणकार श्री. उकर्डा भिवाजी यांनी दाखविलेल्या खुणांवरून हा लेख लिहिला आहे."

बानं धोतराचा सोगा सावरला. मग हळूच म्हणाला, "श्री बी हाय?"

"हाय."

"अरे बाप्पा."

घरी पोचेपर्यंत त्यानं ते माझ्याकडून दहादा म्हणून घेतलं. मायसमोर त्यानं स्वतः म्हणून दाखवलं, एकही शब्द न चुकता. माय पदर तोंडाला लावून रडली. मग तो गावभर सांगत सुटला. किराणावाल्याला, शेजारच्या गावच्या सोयऱ्याला, बाजाराच्या दिवशी वरवट बकालला भेटेल त्याला. ज्या माणसाला लिहिता-वाचता येत नव्हतं त्याला एक छापील वाक्य पाठ होतं, आणि ते छापलेलंच नव्हतं. मला रोज वाटायचं, आज खरं सांगावं. रोज त्याचं तोंड पाहायची आणि उद्यावर ढकलायची. सहा महिने.

मग सर पुन्हा आले.

पुन्हा पाटलाच्या घरून निरोप. या वेळी माझ्यासाठीही, आणि "ती राहिलेली वही घेऊन ये" असा. मी बाला म्हटलं, तू येऊ नको, तुला दमा आहे. तो ऐकतो की काय! त्याला तर छापील नाव डोळ्यांनी पाहायचं होतं. वाचता येत नसलं म्हणून काय झालं, बोट ठेवून पाहता येतं ना.

पाटलाच्या ओसरीवर पाच-सात माणसं बसलेली. सर खुर्चीत. त्यांनी लेखाच्या सुट्या प्रती आणल्या होत्या, एक पाटलाला दिलेली. आम्ही खाली अंगणात उभे. बानं जयभीम घातला. कोणी घेतला नाही. बाचं तिकडे लक्षच नव्हतं.

"पाटील, ते वाचा ना जरा. पयलं पान."

"काय हाय बे पयल्या पानावर, उकर्ड्या?"

बा ताठ उभा राहिला. आज्याची गोठ सांगताना राहायचा तसा. आणि त्यानं म्हटलं, मोठ्यानं : "गावशिवेचे जाणकार श्री. उकर्डा भिवाजी यांनी दाखविलेल्या खुणांवरून हा लेख लिहिला आहे."

सरांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

पाटलाचा पुतण्या कॉलेजात शिकत होता. त्यानं प्रत उचलली. पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं, शेवटपर्यंत गेला. मग हसायला लागला. "काका, ऐका. 'वाटाड्या म्हणून गावातील एक महार बरोबर होता.' हा पाहा तुमचा जाणकार श्री!"

ओसरी हसली. एकजण तर मांडीवर थाप मारून हसला.

"अन् भिवाजीची गोठ?" बानं विचारलं. आवाज बारीक झाला होता.

पुतण्यानं तीही शोधून काढली. "'डोक्यावर ढेकूळ घेऊन चालणाऱ्या महाराची एक दंतकथा स्थानिक लोकांत आढळते.'"

दंतकथा. माझा आजा, ज्याच्या मांडीवर मी खेळले.

बानं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. त्याला सगळं कळलं. आणि मग तो ओसरीकडे वळून म्हणाला, "माह्याच कानात फरक पडला असन. पोरीनं बराबरच वाचलं असन. म्हातारा झालो आता."

आजन्म खोटं न बोललेला माणूस. त्यानं माझ्यासाठी त्या लोकांपुढे खोटं बोलून टाकलं. माझ्या काळजाचं तेव्हा जे पाणी झालं ते अजून आटलं नाही.

सर घसा खाकरून म्हणाले, "बरं, ते असू दे. ती वही आणलीस ना?"

शाळेत मी शुद्ध बोलते. राग आला की माझी बोली आपोआप बाहेर येते. "सर, तुमी सबूद देल्ला होता. नाव काऊन नाई घातलं?"

"हे बघ, शास्त्रीय लेखनाचे नियम असतात. माहिती देणारा वेगळा, लेखक वेगळा."

"पाटलायचं नाव हाय."

"ते सौजन्य म्हणून."

"जीपवाल्याचं हाय. तुमच्या घरच्या बाईचं हाय."

"तुला नाही समजायचं ते."

"नियम कुठी लेह्यला हाय? दाखवा. मले वाचता येते."

सर चिडले. पहिल्यांदाच. "लिहिलेला नसतो सगळा नियम. पद्धत असते!"

पद्धत! ओंजळीत वरून पाणी ओतायची पद्धतच. अंगणात उभं करायची पद्धतच. कुठे लिहिलेली नाही, आणि आमच्या कित्येक पिढ्या खाऊन बसली. मला वाटलं होतं की ही पद्धत गावात राहते, ओसरीवर. पुण्याला, पुस्तकात, शिकलेल्या माणसांत नसेल. मी शाळा शिकले ती याच भरवशावर ना? त्या अंगणात तो भरवसा मेला.

"पुढच्या लेखात घालू," सर नरमले. "त्याचंही घालू, तुझंही घालू. लेखनिक म्हणून. आण ती वही."

वही माझ्या पिशवीत होती. पाटील म्हणाला, "दे ना वो बाई, मोठे लोक हायेत, नाव करतीन तुमचं." ओसरीवरचे सगळे माझ्या हाताकडे पाहत होते. मी पिशवी छातीशी धरली.

"नाई देत."

"काय?"

"नाई देत म्हटलं. अन् माह्या दोन वह्या पाठवा. त्या तुमच्या नाईत."

आणि बाचा हात धरला. पाटलाच्या अंगणातून न विचारता निघून जाणारे आम्ही पहिलेच असू. मागून पाटील ओरडत होता, काय ते मी ऐकलं नाही.

रस्त्यानं बा पुढे, मी मागे. अर्ध्या वाटेत तो थांबला. त्याला धाप लागली होती. पाठमोराच राहून त्यानं विचारलं,

"श्री बी नवता?"

"नाही, बा."

"हाव," त्यानं होकार दिला आणि चालायला लागला.

मला तो एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता, मारलं असतं, तर बरं झालं असतं. त्यानंतर तो शिवेवर कधी गेला नाही. कोणी जुन्या वावराचं नाव विचारलं तर म्हणायचा, "मले आठवत नाई." आठवत होतं. सगळं आठवत होतं. पुढच्या हिवाळ्यात दम्यानं गेला. शेवटच्या आठवड्यात मी त्याच्या उशाशी बसून त्याला म्हटलं, "बा, मी खोटं वाचलं, मले माफ कर." त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाला, "येडी, बह्याड हायेस तू." एवढंच. माफ केलं की नाही, ते मला माहीत नाही.

मागच्या महिन्यात संस्थेचं पत्र आलं. गावशिवांवर मोठा ग्रंथ निघतोय. आपल्याकडील वही मिळाल्यास विषयाला पूर्णता येईल. योग्य तो उल्लेख करण्यात येईल. माझ्या दोन वह्यांबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

मी उत्तर लिहिलं. वही देणार नाही. वाचायची असेल तर गावात या. विहाराच्या ओट्यावर बसा, वाचा, उतरवून घ्या. कोणाला मनाई नाही, कोणाचं आडनाव विचारलं जाणार नाही. पण ज्यानं सांगितलं त्याचं नाव वर, पूर्ण. त्यानं सांगितलेलं बदललं तर बदललं म्हणून लिहा. माणसाला दंतकथा म्हणायचं असेल तर आधी त्याच्या घरच्यांना विचारा. आणि छापाल ते आधी आमच्या गावात मोठ्यानं वाचून दाखवा.

आठ दिवसांत एका ओळीचं उत्तर आलं. 'आपल्या अटी संस्थेच्या पद्धतीत बसत नाहीत.'

नाही बसत तर नाही. त्यांच्या पद्धतीत बसवायला मी माझ्या बाला आता कापणार नाही. तिसऱ्या वहीच्या माझ्या हातानं चार प्रती झाल्यात. आमच्या बौद्धवाड्यातल्या दोन पोरी आणखी उतरवून घेऊन राह्यल्या. नाव आम्हीच घालतो. कोणाला विनवत नाही.

पहिल्या दोन वह्या गेल्या त्या गेल्या. त्या पुन्हा लिहायच्या आहेत. यंदा मे महिन्याची सुट्टी लागली की मी एकटी शीव चालणार आहे, पहिल्या दगडापासून. पाटलाच्या पुतण्यानं निरोप धाडलाय की बाईमाणसानं लोकांच्या वावरातून असं हिंडणं बरं दिसत नाही. बरं दिसावं म्हणून मी चालत नाही. ज्याला मला अडवायचं असेल त्यानं आपल्या धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, येऊन उभं राहावं. मी बाजूनं जाणार नाही.